उन्हाळी फेरीच्या सहा बाटल्या

भोंगाडे सरांनी चहाचे कप बाजूला सारले आणि टेबलावर एक मोठा रंगीत कागद पसरला. मधोमध निळं वर्तुळ, त्यात आईचं नाव. भोवती लहान वर्तुळं आणि प्रत्येकापासून आईकडे येणारी एक रेघ. जितके निबंध एकत्र लिहिलेले, तितकी रेघ जाड. सर्वांत जाड रेघ सरांचीच होती.

"मॅडमचे सहलेखक," ते म्हणाले. "तेरा जण. तुला समजावून सांगायला नको, तुझं तर रोजचं काम आहे."

ते खरं होतं. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. मूल्यांकनाची समिती यायची झाली की प्राध्यापकांची अशी पत्रकं मीच करून द्यायची. कोणाचे निबंध किती, त्यांचा हवाला इतरांनी किती वेळा दिला, म्हणजे सायटेशन किती, कोण कोणाबरोबर लिहितं. कितीतरी जणांना मी त्यांचे आकडे दाखवले होते आणि कितीतरी चेहरे पडताना पाहिले होते. आईचं पत्रक मात्र कधी केलं नव्हतं. तिनं करू दिलं नव्हतं.

आईला जाऊन अकरा आठवडे झाले होते. रसायनशास्त्र विभागात तिनं एकतीस वर्षं काढली. विभागाच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेला 'डॉ. मंदाकिनी उमाळे प्रयोगशाळा' असं नाव द्यायचं सरांच्या मनात होतं. ते आईचे पहिले विद्यार्थी आणि आता विभागप्रमुख. विद्यापीठाचा नियम असा की ज्याचं नाव द्यायचं त्याच्या निबंधांना किमान दोनशे हवाले हवेत, आणि वारसाचं संमतीपत्र हवं. नामकरण समिती गुरुवारी बसणार होती.

"मॅडमचे तीनशे अकरा आहेत. अडचणच नाही. त्यातले दोनशे सेहेचाळीस आमच्या एकट्या सत्त्याऐंशीच्या निबंधाचे. अजून लोक हवाला देतात." त्यांनी संमतीपत्र माझ्याकडे सरकवलं. "इथे सही कर. फोटो मागाहून दे."

मी पेन उचललं. सवयीनं आधी वर्तुळं मोजली. आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी घरी तोच शोध घेतला होता आणि मला चौदा नावं मिळाली होती.

"सर, एक कमी आहे."

"ते टेकाम ना? एस. टेकाम. मी काढलं ते. एकच निबंध, संस्थेचं नाव नाही, पदवी नाही. चुकून आलेलं नाव असणार. समितीसमोर उगाच प्रश्न नकोत."

"कुठला निबंध?"

"निबंध कसला, दीड पानाचं टिपण. पंच्याण्णवचं. चार हवाले आहेत त्याला." ते कपात बघत म्हणाले. सर बोलताना नेहमी समोरच्याकडे बघत. मी संमतीपत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि फोटो शोधून गुरुवारी दोन्ही आणते म्हणाले.

आईच्या कपाटातल्या फायली वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. पंच्याण्णवची सर्वांत पातळ. त्यात ते दीड पान होतं. इंग्रजीत लिहिलेल्या त्या मजकुराचा अर्थ सरळ होता: आमच्या १९८७च्या निबंधातले उन्हाळी फेरीचे पाण्याचे नमुने पहिल्या लेखिकेने स्वतः भरलेले नव्हते. ते त्या हातपंपांचे नव्हते. त्या फेरीवर आधारलेला निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. खाली नावं दोन: मंदाकिनी उमाळे, सोनाबाई टेकाम. त्यामागे नियतकालिकाच्या फॉर्मची प्रत. लेखकांच्या सह्यांच्या जागी आईची सही आणि एक अंगठा. अंगठा चालणार नाही असं संपादकांचं पत्र, आणि त्याखाली आईच्या उत्तराची प्रत, एका ओळीची: नसेल चालत तर दोन्ही नावं छापू नका.

तळाशी एक जुनी वही होती, गावोगावच्या नमुन्यांच्या नोंदींची. ८ मे १९८६, हिवरधरा, सहा हातपंप, सहा बाटल्या. शेवटच्या रकान्यात सरांच्या ठळक अक्षरात: 'नमुने समक्ष घेतले.' त्या ओळीशेजारी आईनं पेन्सिलीनं एक लहान फुली केली होती. काही लिहिलं नव्हतं.

सत्त्याऐंशीचा निबंध मला ऐकून ठाऊक होता. तो गाजला कारण त्यातला निष्कर्ष उलटा होता. दात आणि हाडं खराब करणारं पाण्यातलं फ्लोराइड उन्हाळ्यात वाढतं असं सगळे धरून चालत. हिवरधऱ्यात ते हिवाळ्यात भरपूर निघालं आणि मे महिन्यात एकदम उतरलं. ज्या दिवसांत माणसं सर्वांत जास्त पाणी पितात तेव्हाच ते कमी होतं, म्हणजे वर्षभराचा धोका फार नाही, असं आईनं मांडलं होतं. नवं काही सापडलं की लोक हवाला देतात. ते मागे घेतलं की फारसं कोणी वाचत नाही. हेही मी माझ्या कामात पाहिलेलं होतं.

पण चूक कशी झाली, हे त्या दीड पानात नव्हतं. माझी आई अशी चूक करणारी बाई नव्हती. साधा पाण्याचा पेला ती आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, बाटली विसळावी तसा. आणि पाणी कधी कोणाला आणू द्यायची नाही. पाहुण्यांकडे गेलं तरी उठून माठापाशी जायची. "बस ना, मी आणते," म्हटलं की, "पाणी माझं मी घेते." दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात यावरून आमचं भांडण झालं. हाताला सलाइन आणि ही उठू बघतेय. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ओरडले. तिनं माझ्या हातचं पाणी प्यायलं नाही. चमच्याने नर्सनं पाजलं.

बुधवारी सकाळी मी हिवरधऱ्याला गेले. पांढरकवड्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. त्या गावाची माझी एकच आठवण होती. मी आठ वर्षांची असताना आईनं मला तिथं नेलं होतं, कोणाला तरी दाखवायला म्हणून. एका अंगणात माझ्याएवढी मुलगी होती. ती हसताना तोंडावर हात धरायची. मी गंमत म्हणून तिचा हात ओढला होता. मग आई बोलता बोलता गप्प झाली होती.

गावात शिरताना हातपंप लागला. त्याला गंजलेला लाल रंग होता. पुढचाही लाल. रिक्षावाला म्हणाला, "लाल म्हणजे प्यायचं नाही. लई जुना आहे रंग, मी शाळेत होतो तवापासून."

सोनाबाई टेकाम अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. साठीच्या आतल्याच असतील, पण गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई गेली?"

मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन तांब्या आणला. मी घोटभर प्याले. मग म्हणाल्या, "नळाचं हाये. पी."

आतून त्यांची मुलगी आली, कविता. आशा सेविका होती. आठ वर्षांच्या त्या मुलीला मी तिच्या दातांवरून ओळखलं. तपकिरी पट्टे, कडा झिजलेल्या. तिनं आता तोंडावर हात धरला नाही.

"माझा हात ओढला होता तुम्ही," ती म्हणाली. "रागानं दोन दिवस जेवली नव्हती मी."

"मला माहीत नव्हतं."

"तुमच्या आईलाही नव्हतं. त्या दिवशी कळलं त्यांना."

मी पर्समधून त्या दीड पानाची प्रत काढली आणि विचारलं, त्या उन्हाळ्यात नेमकं काय झालं होतं. सोनाबाईंनी कागद हातात घेतला, अंगठ्याची जागा विचारली, त्यावर बोट फिरवलं. हसल्या.

"तुही माय जीपमधून आली. भर मे महिना. संगं एक पोरगा होता, बाटल्यांची पेटी घेऊन. पहिल्या दोन खेपेले बाई पंपावर सोता जाऊन बाटल्या भरे. या खेपेले चालताच येईना तिले. पोट हे एवढं. आठवा सरत आलेला. पाय सुजलेले. आमी बाया म्हटलं, बाई, तुमी बसा. कायले उन्हात जाता? आमी आणतो भरून."

"आणि ती बसली."

"बसत नव्हती. आमीच बसवली. मीनं खांद्याले धरून बसवली. पोराले म्हणे, तू जाय यांच्यासंगं. थो लिंबापर्यंत आला न् सावलीत बसला. आमी बाटल्या घेतल्या न् झिऱ्यावर गेलो."

"झिऱ्यावर? पंपांवर नाही?"

कविता मधेच म्हणाली की नाल्याच्या पात्रात एक झिरा होता, हातभर खड्डा. तासाला घागरभर पाणी साचायचं. गोड पाणी. उन्हाळ्यात ते फक्त गरोदर बाईला आणि बाळंतिणीला द्यायचं, अशी गावाची रीत. बाकी सगळे बोअरचं, म्हणजे हातपंपांचं प्यायचे.

"बोअरचं पाणी हाडात बसते, थे आमाले ठाऊक होतं," सोनाबाई म्हणाल्या. "पोटुशीले थे पाजत नाही आमी. आमाले वाटलं, बाई शहरातली, तिथलं पाणी कसं असन कोणाले मालूम. सहा बाटल्या आणल्या, म्हणजे सहा दिवसांचं नेऊन राह्यली प्यायले. मंग बोअरचं काहून भरू आमी? आठवा महिना तिचा. झिरा पार आटवला त्या दिवशी. माही कविता तवा दोन महिन्याची, मी बाळंतीण, माह्या वाट्याचं पाणीबी त्याच बाटल्यांत गेलं."

माझा जन्म जून १९८६चा. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तीच तारीख आहे.

अंगणात मोहाच्या फुलांवर मुंग्या लागल्या होत्या, कविता त्या झाडूने लोटत राहिली.

"मंग तू आठ वर्षांची झाल्यावर बाई तुले घेऊन आली," सोनाबाईंनी पुढे सांगितलं. "म्हणे, तुमी जपली थे पोरगी पाहा. तू हिचा हात ओढला. बाईनं हिचे दात पाह्यले न् तुहे पाह्यले. मले विचारलं, सोनाबाई, त्या दिवशी पाणी कुठून आणलं होतं? मी सांगतलं. मोठ्या कौतुकानं सांगतलं मीनं. बाई मटकन खाली बसली."

त्या आठ वर्षांत गावानं तीनदा नळयोजनेसाठी अर्ज केला होता. तिन्ही वेळा तो परत आला, सोबत आईच्या निबंधातलं ते पान जोडून. टिपण छापून आल्यावर दुसऱ्या वर्षी माणसं आली आणि पंप लाल रंगवून गेली. नळ यायला पुढची सहा वर्षं लागली.

"मी म्हटलं तिले," सोनाबाई म्हणाल्या, "माह्यं नाव कायले टाकते? मले लिहिता येत नाही. तर म्हणे, लिहिलं मी, पण शोधलं तुमी. पाण्यात काय हाये थे माह्याआधी तुमाले ठाऊक होतं. मी विचारलंच नाही."

निघताना मी उठले तर त्यांनी माझे दात पाहिले. अगदी उघडपणे, बैल पारखावा तसे. म्हणाल्या, "बरे निघाले."

गुरुवारी समितीच्या अर्धा तास आधी मी भोंगाडे सरांच्या खोलीत गेले. वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मॅडमनी ही कधी दाखवली नाही मला," ते म्हणाले.

"तुम्हाला टिपणावर सही मागितली होती का तिनं?"

"मागितली होती. मी नाही म्हणालो. माझी नोकरीची मुलाखत होती त्या महिन्यात." मग म्हणाले, "ऋजुता, मी बावीस वर्षांचा होतो. बेचाळीसच्या वर ऊन होतं. बाया हसत गेल्या, हसत आल्या. सहाही बाटल्यांचे आकडे जवळपास सारखे निघाले, तेव्हा आम्ही दोघं केवढे खूश झालो होतो. म्हटलं, पद्धत किती अचूक आहे."

"शंका नाही आली?"

"मला एकदा आली. लगेच दाबली." त्यांनी वही मिटली. "तू ही समितीला दाखवणार आहेस."

"नाही. आईनं दाखवली नाही. ती तुमची आहे, ठेवा."

समितीत तिघे होते, भोंगाडे सर माझ्या शेजारी बसले. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य, सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी आईबद्दल चार चांगले शब्द काढले. मग मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वर्तुळं चौदा होती आणि सत्त्याऐंशीच्या निबंधावर मी लाल पेनाने रेघ मारली होती.

"हे काय?"

"हा निबंध तिनं मागे घेतला होता. त्याचे हवाले धरू नका."

"वगळले तर किती उरतात?"

"पासष्ट."

अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याकडे पाहिलं. तो तरुण होता, त्याच्यापुढे लॅपटॉप उघडा होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, निबंध बरोबर की चूक हे आम्ही इथे बघत नाही. लोकांनी त्याची दखल घेतली, एवढंच मोजतो. प्रभाव तो प्रभाव."

"प्रभाव पडलाच," मी म्हणाले. "एका गावाचा नळ आठ वर्षं अडला. प्रत्येक नकारासोबत हे पान जोडलेलं होतं. ते हवाले तुमच्या यादीत नाहीत. तेही मिळवा, आकडा वाढेल."

त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण नियम दोनशेचा आहे. तुमच्या आईचं नाव लागावं असं तुम्हाला वाटत नाही का?"

"वाटतं. पासष्टांवर लावा. आणि खाली सोनाबाई टेकाम हेही नाव लावा."

"त्या कोण?"

मी भोंगाडे सरांकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते त्यांनी द्यावं असं वाटलं. ते टेबलावरच्या लाल रेघेकडे बघत होते. मग ते म्हणाले, "त्यांनी आमची चूक दाखवली."

'आमची' म्हणाले. तेवढंच.

अध्यक्ष म्हणाले की असं दुसरं नाव लावायची तरतूद नाही आणि पासष्टांवर पहिलंही लावता येणार नाही. संमतीपत्रावर सही करायची असेल तर तीनशे अकरावर करा, नाहीतर प्रस्ताव मागे पडेल. मी पर्समधून संमतीपत्र काढलं, जसंच्या तसं, बिनसहीचं, घडी घातलेलं, आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "ती बेचाळिसाव्या वर्षी प्रोफेसर होणार होती," मी म्हणाले. "या दीड पानानंतर ती कधीच झाली नाही. तेव्हा तिनं हा आकडा सोडला, आता तुम्ही तो तिच्या गळ्यात बांधू नका."

मी बाहेर आले. जिन्यात पाण्याचा कूलर होता. पेला घेतला, तीनदा विसळला, भरून प्याले.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. प्रयोगशाळेला कोणाचंच नाव नाही. नुसतं 'पाणी तपासणी प्रयोगशाळा' एवढंच दारावर आहे.

त्या आठवड्यात घरी आल्यावर मी चुकीच्या निबंधाचा हवाला देणारे ते दोनशे सेहेचाळीस निबंध एकेक काढले. लेखकांचे पत्ते शोधले. काहींचे मिळाले नाहीत, काही वारले होते. ज्यांचे मिळाले त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं, सोबत दीड पानाची प्रत जोडली आणि विनंती केली की पुढच्या वेळी हवाला द्याल तेव्हा याचाही द्या. रोज दोन पत्रं, ग्रंथालयातून परत आल्यावर. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं की तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत आता काय ठेवलंय. एकीनं, ती राजस्थानातली संशोधिका होती, लिहिलं की तिच्या भागातही गरोदर बायांसाठी वेगळं पाणी असतं, आणि तिनंही ते कधी विचारलं नव्हतं.

टिपणाचे चार हवाले हळूहळू वाढले. प्रत्येक हवाल्यात दोन्ही नावं असतात, ती वेगळी करता येत नाहीत. सतरावा हवाला भोंगाडे सरांच्या निबंधात होता, एका तळटीपेत. मी त्यांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

दरवर्षी मे महिन्यात कविताचा फोन येतो. आधी ती स्वतःचं सांगते, मग म्हणते, आईला बोलायचंय. यंदाही आला. सोनाबाईंना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलतात.

"किती झाले वं?"

"सत्तावीस."

"न् थे जुनं? चुकीचं?"

खोटं सांगावंसं वाटलं. "तेही वाढतंय. दोनशे अडुसष्ट."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुह्या मायले मीनं बसवली होती. तू बसू नको."